बंदर डोंगरावर

जितूचा आवाज वायरलेसवर आला तेव्हा मी मच्छीमार सोसायटीच्या दारात बर्फवाल्याशी भांडत होते. लाद्या अर्ध्या वितळलेल्या आणून वर मलाच शहाणपण शिकवत होता. आतून सेक्रेटरींनी हाक मारली, "सुगंधा, गप गो जरा. तुमचा जितू बोलतोय."

जितू माझा धाकटा भाऊ. बाबा गेल्यावर आमची 'भैरव प्रसाद' तोच चालवायचा. आवाज तुटत होता, पण सगळं कळलं. इंजिन बंद पडलंय, शाफ्टजवळून पाणी आत येतंय, नांगर टाकलाय, पाचही जण बालद्यांनी पाणी उपसतोय. मग त्याने जीपीएसवरचा आकडा सांगितला, पुन्हा एकदा सावकाश सांगितला, आणि सेक्रेटरी तो लिहीत असतानाच वायरलेस मुका झाला. बॅटरीपर्यंत पाणी चढलं असणार.

नारळी पौर्णिमा होऊन महिना झाला होता. सकाळची वेळ, ऊन छान पडलेलं, पण वारा धरत होता. जवळपासच्या बोटींना सेक्रेटरींनी आकडा दिला. सगळ्यात जवळ बळीराम दोरकरची 'रत्नसागर' होती. बळीनाना आणि आमच्या घराचं विळ्याभोपळ्याचं सख्य. पण समुद्रात कोणी बुडत असेल तर असलं काही कोणी बघत नाही. त्याने जाळं तसंच वर ओढलं आणि निघाला. माझा जीव थोडा भांड्यात पडला. मी धावत घरी जाऊन आयला घेऊन आले.

बळीनाना तिथे पोचला आणि म्हणाला, इथे कोणी नाही.

आणखी दोन बोटी पोचल्या. त्यांनीही तेच सांगितलं. बोट नाही, माणूस नाही, पाण्यावर साधं फळकूटही नाही. गोल फिरून शोधलं, मैलभर लांबून शोधलं. काही नाही.

ऑफिसात सेक्रेटरींनी माइक खाली ठेवला. मग एकेक बाई येऊन आयजवळ बसायला लागली. कोणी पाठीवर हात ठेवला, कोणी पदर डोळ्याला लावला. ते बघून मला असा संताप आला की काय सांगू. अरे, अजून काही झालेलं नाही आणि तुम्ही आत्ताच माझ्या भावाला रडायला बसलात? मी सगळ्यांना तोंडावर बोलले. आज त्या बायका मला त्यावरून चिडवतात.

माझ्या डोक्यात वेगळंच होतं. पोरगं घाबरलेलं, कमरेएवढ्या पाण्यात उभं. आकडा वाचताना चुकला असेल, पुढचा मागे झाला असेल. पण जितू मासेमारीला जायचा तो बाबांच्याच जागांवर. खोल पाण्यात कुठे मासा बसतो त्या बाबांनी आयुष्यभर हुडकलेल्या जागा, आमच्याकडे त्यांना पॉइंट म्हणतात. त्यातला जितूने सांगितलेल्या आकड्याशी मिळताजुळता कोणता ते बघितलं की तो कुठे आहे ते कळलं असतं. आणि बाबांच्या पॉइंटचं एक मेमरी कार्ड आयकडे होतं. बाबांनी जीपीएसमधून त्यावर सगळं उतरवून ठेवलं होतं, बोटीला काही झालं तर असावं म्हणून. ते तिच्या पानाच्या डब्यात, सुपारीखाली असायचं; डबा तिच्या मांडीवरच होता, मी कार्ड काढून घेतलं.

पण कार्ड वाचायचं कशावर? तसल्या मशीनच्या सगळ्या बोटी समुद्रात. शहरातल्या दुकानात जाऊन यायला अर्धा दिवस. मग मला हायस्कूलचे वसावे सर आठवले.

वसावे सर नंदुरबारकडचे. नोकरी लागेपर्यंत त्यांनी समुद्र बघितला नव्हता, आणि बघितल्यावरही त्यांना तो आवडला नव्हता. सुकी मासळी वाळत घातलेल्या रस्त्याने ते नाकाला रुमाल लावून जायचे. आम्ही बायका त्यांना बघून हसायचो. पण कॉम्प्युटरचं त्यांना भारी वेड. शाळेला कोणीतरी दिलेले जुने खटारे त्यांनी एकट्याने चालू केले होते.

मी चढ चढून वर गेले तेव्हा सरांचा वर्ग चालू होता. मी दारातूनच कार्ड पुढे केलं आणि सगळं एका दमात सांगितलं. सरांनी पोरांना मैदानावर पाठवलं आणि कार्ड कॉम्प्युटरला लावलं. आत एकच फाईल होती. तिच्यावर दोनदा टिचकी मारली, तर कॉम्प्युटरने चक्क हात वर केले.

सर म्हणाले, ही त्या जीपीएस कंपनीची स्वतःची फाईल आहे, तिला कंपनीचाच प्रोग्राम लागतो. तो प्रोग्राम विंडोजवर चालतो. आणि शाळेत सगळीकडे लिनक्स, कारण ते फुकट मिळतं नि जुन्या मशीनवर चालतं. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. एवढंच कळलं की उघडत नाहीये. मी कार्ड परत घ्यायला हात पुढे केला.

"थांबा ताई," सर म्हणाले. "फाईलला कुलूप नाहीये. कंपनीने फक्त स्वतःच्या भाषेत लिहिलंय. ती भाषा जगात कोणीतरी शिकला असेलच."

त्यांनी काळ्या पडद्यावर काहीतरी टाइप केलं आणि फाईल तशीच कच्ची उघडली. पडदाभर नुसता कचरा, चौकोन आणि उलटीसुलटी चिन्हं. पण त्या कचऱ्यात मध्येच इंग्रजी अक्षरं दिसायला लागली. BANDAR. KHADAK. AAY. JITU. आणि खाली SUGI.

बाबा मला सुगी म्हणायचे. बाकी कोणी नाही.

मला कधी माहीतच नव्हतं की माझ्या नावाचा पॉइंट समुद्रात आहे. घरात बाबा पॉइंटबद्दल ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. आमच्यात सगळ्यांचंच तसं असतं. बोट निघताना कुठे चाललास असं कोणी विचारत नाही, तो अपशकुन. आल्यावर मासा कुठे लागला असं विचारलं तर कोणी खरं सांगत नाही. उत्तरेला लागला तर दक्षिण सांगायची, आणि ऐकणाऱ्यानेही मान डोलवायची. बाबा तर या खोटेपणात पटाईत. सख्ख्या मेव्हण्याला त्यांनी एकदा अशा जागी पाठवलं होतं की तो दोन दिवस नुसता गाळ उपसून आला.

सर एकीकडे बोलत होते, एकीकडे बोटं चालवत होते. लिनक्स वापरणाऱ्या कोणा भल्या माणसाने असल्या परक्या फायली वाचायचा एक प्रोग्राम बनवला होता आणि जगाला फुकट देऊन टाकला होता. वेगवेगळ्या कंपन्यांच्या डझनावारी भाषा त्याला येत होत्या, पण आपली कोणती ते त्याला सांगावं लागत होतं. आमच्या मशीनचं नेमकं मॉडेल मला कुठलं ठाऊक? सर एकेक भाषा लावून बघत होते. नाही. नाही. हीसुद्धा नाही. खिडकीतून खाली समुद्र दिसत होता आणि त्यावर पांढरे तुरे उठायला लागले होते. मनात म्हटलं, हे भैरवा, त्या प्रोग्रामवाल्याचं भलं होऊ दे, पण आमची भाषा त्याला येऊ दे.

आणि एकदम ओळी उलगडल्या. एकेक नाव, त्यापुढे त्याचे दोन आकडे, वरखाली व्यवस्थित मांडलेले. सरांनी टेबलावर थाप मारली.

मी जितूचा आकडा लिहून आणला होता. तो आम्ही यादीशी ताडून बघितला. SUGI या पॉइंटशी तो जवळजवळ तंतोतंत जुळला, फक्त शेवटच्या अंकात किंचित फरक.

म्हणजे जितू चुकला नव्हता. तो माझ्याच नावाच्या पॉइंटवर होता आणि त्याने आकडा बरोबर वाचला होता. त्याच आकड्यावर तीन बोटी उभ्या होत्या आणि तिथे कोणी नव्हतं. मग माझा भाऊ कुठे गेला याचं एकच उत्तर उरत होतं. मी बाकावर बसले. मघाशी ज्या बायकांना बोलले, त्यांचंच बरोबर निघणार असं मला पहिल्यांदा वाटलं, आणि मी रडले. सरांना काय करावं कळेना. त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला आणि ते पुन्हा कॉम्प्युटरकडे वळले. काहीतरी करत राहायचं म्हणून असेल, त्यांनी ते सगळे पॉइंट नकाशावर टाकायला घेतले. शाळेचं इंटरनेट रडतखडत चालायचं. नकाशा तुकड्यातुकड्याने उतरला.

"माझंच चुकलंय, ताई," सर हळूच म्हणाले. "भाषा चुकीची लावली मी. बघा, बंदर डोंगरावर गेलंय."

मी डोळे पुसून बघितलं. BANDAR असा ठिपका आमच्या बंदरावर नव्हता. तो गावाच्या मागे, डोंगर ओलांडून, आतल्या रानात कुठेतरी पडला होता. तिथे पाणी म्हणून असेल तर ते विहिरीचं. मी म्हटलं, खडक बघा. KHADAK म्हणजे खाडीच्या तोंडावरचा दिव्याचा खडक, तो आमच्या पोरासोरांनाही ठाऊक. तोही जमिनीवर चढून बसला होता. त्या दोघांमधलं अंतर आणि दिशा मात्र बरोबर होती. सगळं गावच कोणीतरी उचलून डोंगरापलीकडे नेऊन ठेवल्यासारखं दिसत होतं.

सरांना वाटत होतं की फाईल नीट उघडली नाही. मला मात्र बाबांचं हसणं आठवलं.

त्याचं असं झालं होतं. कैक वर्षांपूर्वी बाबांनी जीपीएस दुरुस्तीला दिला होता. तेव्हा त्यातल्या खोल पाण्यातल्या पाच-सहा पॉइंटचे आकडे कोणीतरी उतरवले आणि ते बळीनानाकडे पोचले, अशी बंदरावर कुजबुज होती. पुढे बळीनाना चारचौघांत टोमणे मारायचा, काही लोकांच्या जागांचा उगाच बोलबाला आहे, खाली बघावं तर नुसता चिखल. आम्हाला राग यायचा. बाबा मात्र विडी ओढत खुदूखुदू हसायचे. आय म्हणायची, लोक तोंडावर बोलतात आणि तुम्हाला हसू येतं? तर आणखीच हसायचे.

आणि जितूला बोटीवर घेतलं तेव्हा बाबांनी पहिली गोष्ट बजावली होती. हा जीपीएस बदलायचा नाही, आणि याच्या आतल्या सेटिंगला हात लावायचा नाही. जितूला वाटलं, म्हाताऱ्याची माया. बाकीचं सांगायच्या आत बाबा एका रात्री झोपेतच गेले.

"सर, जीपीएसला खोटं बोलायला शिकवता येतं का?" मी विचारलं.

सरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, येतं. मशीन थोडं इकडेतिकडे दाखवत असेल तर ते दुरुस्त करायला आकड्यात फरक घालायची सोय असते. कोणी मुद्दाम मोठा फरक घातला तर मशीन तेवढं बाजूला सरकून दाखवत राहील. बोट, पॉइंट, सगळंच सारखं सरकेल, म्हणून ज्याचं मशीन त्याला काहीच अडचण येणार नाही. पण ते आकडे दुसऱ्या मशीनवर टाकले तर माणूस भलतीकडेच जाईल.

बाबांच्या जुन्या जीपीएसवर नकाशा नव्हता. काळा पडदा आणि त्यावर ठिपके. त्यामुळे बाबा गेल्यापासूनच्या दीड वर्षात जितूला ते कळलं नव्हतं. बंदराचा ठिपका दिसतोय तिकडे बोट नेली की बंदर येतच होतं. आणि आपला आकडा दुसऱ्याला सांगायची वेळ आमच्यात कोणावर येत नाही. जितूने तो पहिल्यांदा सांगितला त्या दिवशी.

सरांनी नकाशावर आमचं खरं बंदर धरलं, फाईलमधलं बंदर धरलं आणि वजाबाकी केली. मग खडकाची केली. दोन्हीकडे उत्तर एकच आलं. वरच्या, अक्षांशाच्या आकड्यात आठ मिनिटं जास्त, खालच्या रेखांशाच्या आकड्यात पाच; ही मिनिटं घड्याळातली नव्हेत, अंशाचे साठावे भाग. मी ते ऐकलं आणि सुटले. चढावरून उतरताना एक चप्पल तुटली ती तिथेच टाकली. मागून सर कागद हातात धरून धावत होते.

सोसायटीत मी माइक मागितला आणि काय सांगायचंय ते सेक्रेटरींना सांगितलं. त्यांनी माइक हातातच धरून ठेवला. माणूस वाईट नव्हता, आमच्याच काळजीने म्हणाला, मोकळ्या चॅनलवर सगळ्या बोटी ऐकतात, हे एकदा बोललं की हसुरामच्या जागांना काही अर्थ राहणार नाही. हसुराम म्हणजे आमचे बाबा. खरंच होतं ते. बोट गेली तर आमच्याकडे त्या जागांखेरीज काय उरणार होतं? मी आयकडे बघितलं.

आयने पानाचा डबा खाली ठेवला. ती म्हणाली, "जागा काय चुलीत घालायच्यात? पोर आण."

मी बोलले. जितूचा जीपीएस खोटं दाखवतो, बाबांनीच तो तसा करून ठेवलाय. त्याने दिलेल्या वरच्या आकड्यातून आठ मिनिटं काढा, खालच्यातून पाच काढा, आणि तिथे जा. दोनदा सांगितलं. माझा आवाज कापत नव्हता, याचं मला अजून नवल वाटतं.

वायरलेसवर बराच वेळ नुसती खरखर. मग बळीनानाचा आवाज आला.

"हसुरामच्या सगळ्याच आकड्यांना हाच फरक काय गो?"

मी म्हटलं, "हो नाना. सगळ्याच."

मग तो म्हणाला, "बरं. निघालो."

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते मला सांगता येत नाही. वसावे सर कोपऱ्यात उभे होते, त्यांच्या पायाशी कोळंबीच्या टोपल्या होत्या आणि रुमाल खिशातच होता. ते मधूनमधून कागदावर तीच वजाबाकी पुन्हा करून बघत होते. एक परक्या मुलखातला माणूस माझ्या भावासाठी हिशेब पडताळत होता. तेव्हाच मला वाटलं, जितू येवो न येवो, या माणसाला मी जन्मात विसरणार नाही.

मग बळीनाना ओरडला. त्याला बोट दिसली होती. बोट कसली, नाळ, म्हणजे पुढचं टोक, तेवढी वर होती आणि पाच माणसं तिला धरून होती. पाचही. त्याने नावं घेऊन सांगितलं, एकेक करून, आणि जितूचं नाव शेवटी घेतलं. मग सेक्रेटरी रडले, बायका रडल्या, सर रडले. आय तेवढी रडली नाही. तिने पानाचा डबा उघडला आणि सुपारी कातरायला घेतली. अडकित्ता सारखा निसटत होता, शेवटी सरांनीच कातरून दिली.

बोट वाचली नाही. दोर बांधून ओढताना ती गेली, आणि तिच्यासोबत बाबांचा खोटारडा जीपीएसही गेला.

चार दिवसांनी सर घरी आले. कार्ड त्यांनी आयच्या हातात दिलं. मग मला शाळेत बोलावून माझ्यासमोर त्यांनी कॉम्प्युटरमधली फाईल पुसली, तिच्यापासून बनवलेली यादी पुसली, वजाबाकीचा कागदही फाडला. मी म्हटलं, असू द्या हो सर, तुम्ही कुठे मासे मारायला जाणार? तर म्हणाले, "माझं नाही ना ते, ताई."

त्याच संध्याकाळी बळीनाना आला. अंगणातच उभा राहिला, आत येईना. जितूला म्हणाला, माझ्या बोटीवर चल. मला वाटलं, आता हा जागांचा विषय काढणार. मी पदर खोचला आणि मीही गेले. बोटीवर गेल्यावर त्याने आपला जीपीएस चालू केला आणि जितूला पुढे बसवलं. पडद्यावर सहा ठिपके वेगळ्या खुणेने टाकलेले होते. बाबांचे पॉइंट. इतकी वर्षं त्याच्या मशीनमध्ये पडून होते. आता फक्त वजाबाकी करायची बाकी होती.

"पूस," बळीनाना म्हणाला. "तुझ्या हाताने पूस."

जितूने हात मागे घेतला. मग म्हणाला, "नाना, असू दे. तू नसतास तर मीच नसतो."

"खोटे होते तोवर ठेवले रे," नाना म्हणाला. "आता खरे झाले. आता माझ्याने ठेववत नाहीत."

जितूने पाच पुसले. सहावा, माझ्या नावाचा, त्याने खऱ्या जागी सरकवून तसाच ठेवला. बळीनानाने बघितलं आणि तोंड समुद्राकडे फिरवलं. त्या जागेवर आजही दोनच बोटी जातात, एक नानाची आणि एक आमची. बाकी कोणी तिकडे फिरकत नाही. वायरलेसवर त्या दिवशी सगळ्यांनी ऐकलं होतं, तरीही.

नवीन बोट व्हायला वेळ लागला, तोवर जितू नानाच्याच बोटीवर होता. नवीन जीपीएस आला तेव्हा त्यात बाबांचे पॉइंट वसावे सरांनीच भरले, खरे, नकाशावर बघून. पहिल्या फेरीला आम्ही त्यांना सोबत नेलं. खाडी ओलांडायच्या आत त्यांनी पोटातलं सगळं समुद्राला वाहिलं आणि घरी येईपर्यंत डोळे उघडले नाहीत.

पुढे त्यांची बदली झाली, आपल्या मुलखात गेले. जाताना मी त्यांना सुक्या बोंबलांचा डबा भरून दिला. तो त्यांनी रुमाल न लावता घेतला. दर नारळी पौर्णिमेला त्यांचा फोन येतो. पहिल्या वर्षापासून त्यांचा प्रश्न एकच.

"ताई, बंदर जागेवर आहे ना?"

मी खिडकीतून खाली बघते. जितूची बोट धक्क्याला लागलेली असते, शेजारी नानाची, आणि आय तिच्या डब्यासह पायरीवर बसलेली असते.

"आहे सर," मी म्हणते. "तुम्ही ठेवलंत तिथेच आहे."